फ्लूची लस : आधी कोणी टोचून घ्यायची?

श्रोतेहो, मृग लागला, चार सरी पडल्या, की घराघरांतून शिंका आणि खोकला ऐकू येऊ लागतो. शाळेत गुरुजी हजेरी घेतात तेव्हा रोज दोन-चार पोरे कमीच भरतात. आपण म्हणतो, पडसेच ते! औषध घेतले तर सात दिवसांत बरे होते आणि न घेतले तर आठवड्यात.

बहुतेक वेळा हे खरेही असते. पण प्रत्येक ताप-खोकला म्हणजे पडसे नव्हे. इन्फ्लुएंझा, ज्याला आपण फ्लू म्हणतो, तो या घरातला असला तरी स्वभावाने निराळा. एकाएकी ताप चढतो, अंग ठणकते, घसा धरतो, अंथरुणातून उठवत नाही. धडधाकट गडी आठवड्याभरात पुन्हा कामाला लागतो. पण गरोदर बाई, लहान मूल, म्हातारी माणसे, तसेच मधुमेह, दमा, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचे दुखणे असलेली माणसे यांना तो कधी कधी भारी पडतो. छातीत उतरला म्हणजे न्यूमोनिया होतो. हृदयालाही त्याची झळ लागते. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात केलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. फ्लू झाल्याचे तपासणीत ठरल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका एरवीपेक्षा सुमारे सहा पट असतो, असे त्यात दिसून आले.

जुन्या माणसांनी सांगितलेली मानमोडीची साथ तुमच्यापैकी काहींच्या कानांवर असेल. ती फ्लूचीच साथ. १९१८ साली ती मुंबईत उतरली आणि गावोगाव पसरली. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे तिने नेली, असा अंदाज आहे. त्या वेळी डॉक्टरांपाशी लस नव्हती. रोग कशाने होतो हेही नीट ठाऊक नव्हते. माणसाला फ्लू देणारा विषाणू लंडनच्या शास्त्रज्ञांनी १९३३ साली वेगळा काढला, आणि त्यानंतरच्या दशकात लस तयार झाली.

मग दर वर्षी लस कशाला? देवीची लस एकदा घेतली की वर्षानुवर्षे पुरे! याचे कारण असे की, फ्लूचा विषाणू बहुरूप्यासारखा वेष पालटतो. गेल्या वर्षी आपल्या शरीराने ओळखलेला चोर यंदा निराळा अंगरखा घालून येतो. म्हणून जगभरच्या प्रयोगशाळा त्याच्यावर पाळत ठेवून असतात. आपल्या पुण्यातील राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ही त्यांपैकीच एक. ती १९५२ साली सुरू झाली. या सर्वांकडून आलेली माहिती पाहून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, लशीत कोणते विषाणू घालावेत ते सांगते.

ही लस म्हणजे अभेद्य कवच नव्हे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. विषाणूशी तिचा मेळ चांगला बसला, तर दवाखान्याची पायरी चढायला लावणारा फ्लू शंभरातल्या चाळीस ते साठ वेळा टळतो. पण ज्याचे दुखणे विकोपाला जाण्याची भीती आहे, त्याला हा आधार लहान नाही.

आता खरा प्रश्न. लस आहे, ती कोणी घ्यावी हे ठाऊक आहे, तरी ती घेणारे थोडे. असे का? लोक अडाणी, म्हणून, असे आपण पटकन म्हणतो. तर मग रुग्णालयातील माणसे पाहा. डॉक्टर, नर्सताई, वॉर्डबॉय यांना सगळे कळते. तरीही त्यांच्यातले पुष्कळ जण ही लस घेत नाहीत. कोणी म्हणतो, मला कधी फ्लू होत नाही. कोणी म्हणतो, झाला तर घरी बसेन.

या म्हणण्यात किती तथ्य आहे, ते स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात १९९३-९४ च्या हिवाळ्यात तपासले गेले. रुग्णालयांतील ५१८ कर्मचाऱ्यांचे रक्त साथीच्या आधी आणि साथीनंतर पाहिले. शंभरातल्या २३ जणांना फ्लू होऊन गेल्याच्या खुणा रक्तात सापडल्या. त्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना आपल्याला फ्लू झाला होता हे आठवतच नव्हते! काहींना तर साधे पडसे झाल्याचीही आठवण नव्हती. म्हणजे ही माणसे त्या काळात कामावर येत होती, रुग्णांची नाडी बघत होती, त्यांना उठवून बसवीत होती. आजार कळलाच नाही, तर घरी कोण बसणार? शिवाय लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच फ्लू दुसऱ्याला लागू शकतो. कर्मचाऱ्यांच्या लसीमुळे रुग्णांचे मृत्यू नेमके किती टळतात, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. पण रोगी बरा व्हायला ज्या खाटेवर येतो, त्याच खाटेवर त्याला नवा रोग मिळू नये, यावर वाद नसावा.

अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरात व्हर्जिनिया मेसन नावाचे रुग्णालय आहे. तेथे सांगून, समजावून शंभरातले ५४ कर्मचारी लस घेऊ लागले होते. २००५ साली रुग्णालयाने नियमच केला की, येथे काम करायचे तर लस घ्यायची. ज्याला प्रकृतीमुळे किंवा धर्मामुळे चालत नाही, त्याने साथीच्या दिवसांत तोंडाला मास्क लावायचा. परिचारिकांच्या संघटनेने सक्तीला विरोध केला, आणि लवादाचा निर्णय संघटनेच्या बाजूने लागला. तरीही पहिल्याच वर्षी शंभरातले ९७ हून अधिक कर्मचारी लस घेऊन मोकळे झाले.

सक्तीच हवी असे मात्र नाही. रुग्णांच्या बाबतीत तर ती चालणारही नाही. तेथे दुसरा मार्ग आहे. अमेरिकेतल्याच मिनिआपोलिस शहरात माजी सैनिकांचे रुग्णालय आहे. १९८० नंतरच्या दशकात तेथील डॉक्टरांच्या लक्षात आले की, रुग्ण नको म्हणतात असे नाही. त्यांना कोणी विचारतच नाही. डॉक्टर आजाराच्या गडबडीत, रुग्ण रांगेच्या काळजीत, आणि लस शीतपेटीत! मग त्यांनी चार साध्या गोष्टी केल्या. प्रत्येक वेळी डॉक्टरच्या चिठ्ठीची वाट न पाहता नर्सने स्वतः विचारून लस द्यावी, असा कायमचा हुकूम काढला. वेळ न ठरवता येऊन लस घेता येईल अशी खिडकी उघडली. रुग्णांना घरी पत्रे पाठवली. आणि केसपेपरवर लशीची नोंद ठेवायची सोय केली. हा परिपाठ वर्षानुवर्षे चालला. दहा वर्षांनी पाहिले, तर जोखमीच्या रुग्णांपैकी शंभरातले ऐंशीहून अधिक जण लस घेत होते.

नुसत्या पत्रांनी किती फरक पडतो, हेही पाहण्यात आले आहे. डेन्मार्कमध्ये २०२२-२३ च्या हंगामात नऊ लाखांहून अधिक वृद्धांवर हा प्रयोग झाला. हृदयाला लशीचा फायदा होतो, असे ज्या पत्रात लिहिले होते, त्याचा उपयोग सर्वांत जास्त झाला. पण तोही शंभरात एकाने वाढ, एवढाच. पत्र स्वस्त आहे, जरूर धाडावे. मात्र समोर बसलेल्या माणसाने विचारलेला प्रश्न आणि हाताशी असलेली सुई यांची बरोबरी कागदाला येत नाही.

आपल्याकडे हे कसे लागू करावे? महाराष्ट्रात २००९ साली स्वाइन फ्लूची साथ आली, आणि पुण्याने तिचा पहिला घाव सोसला. पुढे २०१५ पासून आरोग्य खात्याने गरोदर स्त्रिया आणि इतर जोखमीच्या लोकांना ही लस मोफत द्यायला सुरुवात केली. आपल्या भागात फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो आणि लशीचा गुण यायला सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून एप्रिल-मे हा बेताचा काळ. गरोदर बाईने लस घेतली तर जन्मणाऱ्या बाळालाही पहिले काही महिने आधार मिळतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देता येत नाही, म्हणून आईची लस हीच त्याची लस.

लशीने फ्लू होतो, ही भीती मनातून काढा. सुईने देतात त्या लशीत जिवंत विषाणू नसतो. दंड दुखेल, एखाद-दुसरा दिवस कणकण येईल, एवढेच. पूर्वी एखाद्या लशीने अंगावर मोठी रिअ‍ॅक्शन आली असेल, तर ते मात्र डॉक्टरांना आधी सांगा.

आणि डॉक्टर, नर्सताई, आशाताई ऐकत असतील तर त्यांना विनंती अशी की, पहिली सुई स्वतःच्या दंडावर घ्या. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? १६ जानेवारी २०२१ रोजी आपल्या देशात कोरोनाची लस सुरू झाली, तेव्हा आधी आरोग्य कर्मचाऱ्यांनीच बाह्या वर केल्या होत्या, हे साऱ्या गावाने पाहिले आहे.

शिक्षकांनी मे महिन्याच्या सुट्टीआधी पालकांच्या सभेत हा विषय काढावा. घरात कोणी गरोदर आहे का, आजी-आजोबांना मधुमेह किंवा दमा आहे का, एवढे मुलांना विचारून यायला सांगावे. आणि तुम्ही श्रोतेहो, पुढच्या वेळी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाबाच्या गोळ्या आणायला जाल, तेव्हा दोन प्रश्न विचारा : फ्लूची लस आली आहे का? आणि, बाई, तुम्ही घेतलीत का? राग नाही, उलटतपासणी नाही, आपुलकीने विचारा. विचारणारे गावात वाढले, की देणारे आणि घेणारेही वाढतील.