तापांतली मरगळ

वसईजवळच्या भुईगांवांत भाजीच्या आणि फुलांच्या वाड्या आहेत. अशा एखाद्या वाडींत कोंबडी दुखणाईत झाली, म्हणजे ती पिसें फुलवून कोपऱ्यांत बसते. दाणे टाकले तरी उठत नाहीं. घरांतलें माणूस तापलें कीं त्याचेंहि तेंच होतें. अन्न नको, बोलणें नको, पांघरूण घेऊन पडावेंसें वाटतें. आपण म्हणतों, तापानें शक्ति गेली. (आणि मग ‘दोन घांस तरी खा’ म्हणून त्याच्यामागें लागतों!) परंतु ही मरगळ निव्वळ अशक्तपणा नव्हे. बेंजामिन हार्ट या अमेरिकन पशुवैद्यानें १९८८ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, ताप चढविण्यास लागणारी शक्ति राखून ठेवण्याची ती शरीराची योजनाच आहे.

ही योजना चालते कशी? रोगजंतु शिरले कीं रक्तांतील पांढऱ्या पेशी इंटरल्यूकिन नांवाचीं द्रव्यें सोडतात. त्यांचा निरोप मेंदूस पोंचतो व मेंदु ताप चढवितो, भूक मारतो, सुस्ती आणतो. मौज अशी कीं, त्याच निरोपासरशी दुसरी एक आज्ञाहि सुटते. मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हें ताणाचें संप्रेरक रक्तांत सोडूं लागतात, आणि तें त्या पेशींना आवरतें. घोडा उधळण्यापूर्वींच लगाम ओढला जावा, तसें हें आहे. प्रयोगशाळेंत ज्या उंदरांच्या या ग्रंथी काढून टाकल्या, ते इंटरल्यूकिनच्या तेवढ्याच मात्रेनें कितीतरी अधिक आजारी झाले. संप्रेरक बाहेरून पुरविल्यावर त्यांचें दुखणें सौम्य झालें. कॉर्टिसॉल मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असतें व पहांटे वाढतें. रात्रीं अंग अधिक मोडून येतें, त्याचें हेंहि एक कारण असावें. घरांत लग्न उभें असतां यजमानीणबाई ताप अंगावर काढतात आणि वरात गेली कीं अंथरूण धरतात, त्यांतहि या लगामाचा हात असूं शकेल.

आतां हाच लगाम गोळीच्या रूपानें औषधाच्या दुकानांत मिळतो. त्यास आपण स्टेरॉइड म्हणतों. २०२० सालीं इंग्लंडांतील मोठ्या चांचणींत डेक्सामेथासोननें प्राणवायु लावलेल्या कोविडच्या रुग्णांतील मृत्यु कमी केले. ज्यांस प्राणवायूची गरज नव्हती, त्यांस मात्र त्याचा लाभ झाला नाहीं. पुढील वर्षीं महाराष्ट्रांत ‘काळी बुरशी’ पसरली, तिच्या मागें अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अवाजवी वापर हीं मोठीं कारणें होतीं.

फसगत होते ती येथेंच. कोणी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून अशी गोळी घेतो. दुसऱ्या दिवशीं भूक लागते, हुशारी वाटते, आणि तो पहांटेच्या गाडीनें भाजीच्या पाट्या घेऊन मुंबईस निघतो. मरगळ गेली, पण जंतु तसाच आहे; उलट त्याच्याशीं झुंजणाऱ्या पेशींचेच हात बांधले गेले. शिवाय अशी गोळी कित्येक आठवडे चालू राहिली, तर अधिवृक्क ग्रंथी आपलें काम सोडून निजतात. म्हणून ती एकाएकीं बंद करणेंहि धोक्याचें. डॉक्टर तिची मात्रा हळूहळू उतरवीत नेतात.