शोस्ताकोविच ऐकायचा, पण कुणी वाजवलेला?

2016 साली 'सैराट' आला. करमाळा तालुक्यात चित्रित झालेल्या या सिनेमासाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर अख्खा सिंफनी ऑर्केस्ट्रा बसवून संगीत मुद्रित केले. शेकडो तारांची एकत्र उसळी आणि पितळी वाद्यांचा दणका सोलापूर जिल्ह्यात ट्रॅक्टरवरच्या स्पीकरमधूनही घुमला. त्या आवाजाची गोडी लागलेल्या माणसाने पुढे काय ऐकावे, याला माझे उत्तर ठरलेले आहे. ते म्हणजे रशियाचा दिमित्री शोस्ताकोविच. 1906 मध्ये पीटर्सबर्गला जन्मला, 1975 मध्ये मॉस्कोत वारला. मागे 15 सिंफनी आणि 15 स्ट्रिंग क्वार्टेट ठेवून गेला. सिंफनी म्हणजे ऐंशी-शंभर वादकांचा ताफा. क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो, बस्स.

अडचण यापुढे सुरू होते. मोबाइलवर 'शोस्ताकोविच, पाचवी सिंफनी' असे शोधले, की त्याच एका रचनेची डझनावारी रेकॉर्डिंग समोर येतात. प्रत्यक्ष मैफलीत ऐकून ठरवावे, तर सोलापुरातून रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई गाठायची, नरिमन पॉइंटला एनसीपीएच्या सभागृहात जायचे आणि तिथे 2006 पासून असलेल्या सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाने नेमकी हीच रचना लावली असेल, अशी आशा धरायची. म्हणजे आपल्यासाठी रेकॉर्डिंग हेच सभागृह. ते नीट निवडायला हवे.

मारवा दोन गवयांनी गायला, तर ती दोन वेगळी संगीते होतात आणि आपल्याला त्याचे नवल वाटत नाही. शोस्ताकोविचच्या रचनांत तसे नाही. प्रत्येक स्वर, प्रत्येक विराम, कुठे हळू, कुठे जोरात, सगळे कागदावर लिहिलेले आहे. मग कंडक्टरच्या हातात काय उरते? नेमकी लय, कोणत्या वाद्याला किती पुढे येऊ द्यायचे, स्वरावर किती वजन टाकायचे, शांतता किती ताणायची. ऐकायला हे थोडे वाटते. पण एवढ्यात अर्थ उलटा होऊ शकतो.

पाचव्या सिंफनीचा शेवट हे त्याचे सर्वांत चांगले उदाहरण. जानेवारी 1936 मध्ये 'प्रावदा' या वृत्तपत्राने शोस्ताकोविचच्या ऑपेरावर जळजळीत टीका छापली. स्टालिनचा काळ, त्यामुळे प्रश्न जिवाचा होता. तयार झालेली चौथी सिंफनी त्याने मागे घेतली आणि ती थेट 1961 मध्ये किरिल कोंद्राशिनने प्रथम वाजवली. मधल्या काळात पाचवी आली. 21 नोव्हेंबर 1937 रोजी लेनिनग्राडला येवगेनी म्राविन्स्कीने ती सादर केली. तिच्या अखेरीस पितळी वाद्ये विजयाची धून वाजवतात आणि व्हायोलिन एकच स्वर सतत घासत राहतात. पांढरी दोन, म्हणजे 'डी', सा धरला, तर तो स्वर म्हणजे पंचम. पंचम, पंचम, पंचम, थांबतच नाही.

हा विजय खरा, की बंदूक रोखून करायला लावलेला जल्लोष? उत्तर लयीत आहे. छापील प्रतींमध्ये या जागेच्या गतीचा आकडाच एकसारखा नाही आणि फरक जवळपास दुगुनीचा आहे. लेनर्ड बर्नस्टाइनने 1959 मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसह मॉस्कोला ही सिंफनी वाजवली, तेव्हा शोस्ताकोविच स्वतः सभागृहात होता. परतल्यावर त्याच वर्षी बॉस्टनमध्ये तिचे रेकॉर्डिंग झाले. त्यात शेवट सुसाट धावतो आणि ऐकणाऱ्याला खुर्चीतून उठावेसे वाटते. म्राविन्स्की तोच शेवट जड पावलांनी नेतो. पंचमाचा प्रत्येक घाव वेगळा ऐकू येतो आणि काही वेळाने तो नकोसा होतो. मला तो नकोसेपणाच खरा वाटतो, म्हणून माझी पसंती म्राविन्स्कीला. तरी बर्नस्टाइन ऐकल्याशिवाय म्राविन्स्की काय करतो ते कळणार नाही.

इथून पद्धत सापडते. पूर्ण सिंफन्यांची तुलना करू नये, पाऊण तासानंतर पहिले रेकॉर्डिंग कुणाच्याच कानात उरत नाही. एकच जागा घ्यावी, शेवटची तीन-चार मिनिटे पुरतात. तीन रेकॉर्डिंग घ्यावीत आणि एका बैठकीत लागोपाठ ऐकावीत. आवाजाची पातळी कानाने सारखी करून घ्यावी, कारण जे मोठ्याने वाजते तेच चांगले वाटते, हा कानाचा जुना दोष आहे. जमल्यास घरातल्या दुसऱ्या कुणाला लावायला सांगावे आणि नावे नंतर विचारावीत. मोठ्या नावाचा दबाव त्याने जातो. आणखी एक सावधगिरी घ्यावी. जे रेकॉर्डिंग आपण आयुष्यात प्रथम ऐकतो, ते मनात प्रमाण होऊन बसते आणि बाकीची 'चुकीची' वाटू लागतात. त्यावर उपाय वेळ हाच. आठवड्याने पुन्हा ऐकावे.

सोलापूरकराला मात्र मी पाचवीच्या आधी अकरावी सुचवेन. तिचे नाव '1905'. जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे त्या वर्षीच्या 9 जानेवारीला पीटर्सबर्गचे कामगार झारकडे अर्ज घेऊन निघाले आणि सैन्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. ज्या शहराने मे 1930 मध्ये गोळीबार आणि त्यामागून मार्शल लॉ पाहिला, 12 जानेवारी 1931 ला मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी गेलेले पाहिले, त्या गिरण्यांच्या शहरात ही सिंफनी समजावून सांगावी लागत नाही.

पहिल्या भागात राजवाड्यापुढचे गोठलेले मैदान आहे. तारा अगदी हळू, दूर कुठे टिंपनीची चाहूल. दुसऱ्या भागात जमाव येतो, स्नेअर ड्रम कडाडतो, सगळा तालवाद्यांचा ताफा तुटून पडतो आणि एका क्षणात सारे थांबते. मागे तेच थंड मैदान उरते. तिसऱ्यात व्हिओला क्रांतिकारकांचे अंत्ययात्रेचे गाणे म्हणतात. चौथ्यात धोक्याची घंटा वाजते.

इथे तुलनेसाठी दुसऱ्या भागातली ती थांबण्याची जागा निवडावी. गोळीबार तुटतो तेव्हा खालून तारांचा स्वर आधीपासून चालूच होता, असे वाटले पाहिजे. चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये अंगावर काटा येतो, सामान्य रेकॉर्डिंगमध्ये फक्त आवाज बंद होतो. शेवटची घंटाही तपासावी. काहींनी तिचा नाद वाद्यवृंद थांबल्यावरही घुमू दिला आहे, काहींनी तिथेच तोडला आहे. म्राविन्स्कीचे 1950 च्या दशकातले रेकॉर्डिंग मोनो आहे, आवाज जुना, पण त्यातली भीती ताजी आहे. लिओपोल्ड स्टोकोव्स्कीने 1958 मध्ये ह्यूस्टनच्या वाद्यवृंदासह केलेले स्टिरिओ आहे आणि विस्ताराने उलगडते. नव्यांपैकी वासिली पेत्रेन्को आणि लिव्हरपूलचा वाद्यवृंद यांचे नॅक्सॉसचे रेकॉर्डिंग मी नवख्याच्या हाती आधी देईन. त्यात आवाज स्वच्छ आहे आणि मैदानाची थंडी टिकते. मग म्राविन्स्की.

ऐकण्याची सोयही निवडीइतकीच महत्त्वाची. अकरावीची पहिली काही मिनिटे इतकी हळू आहेत, की छताच्या पंख्याखाली ती ऐकूच येत नाहीत, आणि सोलापूरच्या मे महिन्यात पंखा बंद करा असे कुणाला सांगता येत नाही. कान पूर्ण झाकणारा हेडफोन घ्यावा किंवा पहाटे ऐकावे. आवाज हळू जागेवरून ठरवू नये, नाहीतर गोळीबाराला कानठळ्या बसतील. आधी गोळीबाराची जागा लावून पातळी ठरवावी, मग सुरुवातीला यावे. ॲपमध्ये प्रत्येक भाग वेगळे 'गाणे' म्हणून दिसतो, पण अकरावीचे चारही भाग न थांबता जोडलेले आहेत. म्हणून सेटिंगमध्ये गाण्यांमधली पोकळी बंद करावी आणि एक गाणे दुसऱ्यात मिसळवण्याची सोय असेल तर तीही. शोधताना कंडक्टर, वाद्यवृंद आणि वर्ष तिन्ही पाहावीत, कारण एकाच कंडक्टरने एकच रचना अनेकदा मुद्रित केलेली असते.

आता क्वार्टेट. सिंफन्या जगासमोर उभे राहून बोलल्यासारख्या आहेत, क्वार्टेटमध्ये शोस्ताकोविच स्वतःशी बोलतो. सुरुवात आठव्यापासून करावी. जुलै 1960 मध्ये पूर्व जर्मनीत ड्रेस्डेनजवळच्या गोरिशमध्ये, एका चित्रपटाच्या संगीताच्या निमित्ताने गेला असताना, त्याने तो तीन दिवसांत लिहिला. अर्पण फॅसिझम आणि युद्धाच्या बळींना. पण चेलो पहिल्यांदा जे चार स्वर वाजवतो, ते त्याच्या स्वतःच्या नावाचे आहेत. त्याच्या नावातली जर्मन अक्षरे जर्मन पद्धतीत स्वरांची नावे होतात. घरी पेटी असेल, तर पांढरी एक सा धरून वाजवून पाहा: रे, कोमल ग, सा आणि मंद्रातला शुद्ध नी. पटदीपातही कोमल गंधार आणि शुद्ध निषाद एकत्र नांदतात, पण इथे ते इतके जवळ आवळलेले आहेत, की गळा दाबल्यासारखे वाटते. बोटांत हे चार स्वर बसले, की पुढची वीस-बावीस मिनिटे ते कुठे कुठे डोके काढतात ते आपोआप ऐकू येते. निवडीसाठी याहून चांगली तयारी नाही.

तुलनेची जागा चौथ्या भागाची सुरुवात. तीन जोरदार आघात, पुन्हा पुन्हा. दारावर पडलेल्या थापा म्हणून अनेकजण ते ऐकतात. अमेरिकेच्या इमर्सन क्वार्टेटने 1990 च्या दशकात ॲस्पेनला श्रोत्यांसमोर सर्व क्वार्टेट मुद्रित केले. त्यांचे आघात धारदार आणि अचूक आहेत. बोरोदिन क्वार्टेटचे आघात भरीव, जड, आणि त्यांच्यामधली शांतता जास्त भयंकर आहे. बोरोदिनची दोन मालिका-रेकॉर्डिंग आहेत हे लक्षात ठेवावे. पहिल्या मालिकेत रोस्तिस्लाव दुबिन्स्की मुख्य व्हायोलिनवर आहे आणि तिच्यात 13 च क्वार्टेट आहेत, कारण शेवटचे दोन तेव्हा लिहिलेच गेले नव्हते. दुसरी पूर्ण आहे, तिच्यात मिखाइल कोपेलमन आहे. चेलोवर दोन्हीकडे वालेन्तिन बेर्लिन्स्की. मला पहिली अधिक जवळची वाटते, तिच्यात कडा घासून गुळगुळीत केलेल्या नाहीत.

ब्रिटनच्या फिट्झविल्यम क्वार्टेटचा मात्र मी वेगळा उल्लेख करतो. विद्यापीठातून तेव्हा नुकतीच बाहेर पडलेली ही तरुण मुले. 1972 मध्ये त्यांनी वाजवलेला तेरावा क्वार्टेट ऐकायला शोस्ताकोविच स्वतः यॉर्कला गेला. पुढे त्यांनी डेक्कासाठी सर्व 15 मुद्रित केले. काही ठिकाणी सूर खडबडीत आहे. पण उत्तरकाळातल्या क्वार्टेटमधला एकटेपणा त्यांच्याइतका उघडा कुणी ठेवलेला मी ऐकलेला नाही.

रुडॉल्फ बार्शायने आठवा क्वार्टेट तारवाद्यांच्या मोठ्या ताफ्यासाठी बसवला आहे आणि तो 'चेंबर सिंफनी' नावाने मिळतो. बार्शाय बोरोदिन क्वार्टेटच्या स्थापनेतला व्हिओलावादक. पुढे तो कंडक्टर झाला, चौदाव्या सिंफनीचा पहिला प्रयोग त्यानेच 1969 मध्ये केला. दोन्ही रूपे लागोपाठ ऐकावीत. ताफ्यात आवाज सुंदर होतो, पण चार माणसांची धडपड त्यात हरवते. मी क्वार्टेटकडेच परततो.

पूर्ण संच घ्यावा का? सिंफन्यांसाठी कोंद्राशिनचा मॉस्कोचा संच झपाट्याचा आणि कडक आहे. त्यातल्या पितळी वाद्यांचा कंप जुन्या सोव्हिएत पद्धतीचा, काहींना तो खुपतो. बर्नार्ड हायटिंकचा डेक्काचा संच संयत, बार्शायचा कोलोनचा संच स्वस्त आणि भरवशाचा. यातला कुठलाही एक घरी असावा, पण पाचवी, आठवी, दहावी आणि अकरावी यांचे वेगवेगळे कंडक्टर जमवावेत. आठवी तर म्राविन्स्कीलाच अर्पण केलेली आहे. क्वार्टेटमध्ये आठव्यानंतर तिसरा, मग सातवा, मग बारावा. पंधराव्यात सहाही भाग संथच आहेत, एकही जलद नाही. तो घाईने उघडू नये. बाकीचे ओळखीचे झाले, की फिट्झविल्यमच्या रेकॉर्डिंगमध्ये एका रात्री सलग ऐकावा.