बर्फाखालची पेटी

नॉर्वेच्या ईशान्य टोकाला, बॅरेंट्स समुद्रात घुसलेले वारांगेर नावाचे द्वीपकल्प आहे. अक्षांश सत्तर. नोव्हेंबरअखेरीस मावळलेला सूर्य इथे थेट जानेवारीच्या मध्याला तोंड दाखवतो. या उजाड टुंड्रावर, कोमागदालेनसारख्या खोऱ्यांत, जमिनीलगत धातूच्या पेट्या ठेवल्या आहेत. आरपार जाता येईल अशी समोरासमोर दोन दारे आणि छताला खाली तोंड करून बसवलेला कॅमेरा, एवढाच त्यांचा थाट. हिवाळ्यात त्या बर्फाखाली गडप होतात आणि खरे काम तेव्हाच करतात.

पेटीतून ये-जा करणारा मुख्य पाहुणा म्हणजे लेमिंग. मुठीत मावेल एवढा, आखूड शेपटीचा, काळ्या-पिवळ्या पाठीचा हा प्राणी उंदरांचाच नातलग. थंडीत तो झोपून राहत नाही. जमिनीच्या उबेने बर्फाच्या तळाशी एक पोकळी तयार होते. वर हाडे गोठवणारी थंडी असली, तरी या पोकळीतले तापमान शून्याच्या फार खाली जात नाही. तिथे तो शेवाळ खातो, गवताचे घरटे करतो आणि पिल्लेही घालतो. गर्भकाळ जेमतेम तीन आठवड्यांचा. त्यामुळे हिवाळा साधला, तर वसंतात टुंड्रा लेमिंगांनी गजबजते. असे साधारण तीन ते पाच वर्षांनी एकदा होते, आणि मग संख्या कोसळते. लेमिंग नसले, तर हिमघुबड त्या साली तिथे अंडीच घालत नाही आणि आर्क्टिक कोल्ह्याच्या बिळात पिल्ले दिसणे कठीण होते.

हे चढउतार लोकांना जुन्या काळापासून चक्रावत आले आहेत. लेमिंग ढगातून पडतात, असे सोळाव्या शतकात ओलाउस माग्नुसने लिहून ठेवले. त्याला हसायचे कारण नाही. १९५८ साली डिस्नेच्या ‘व्हाइट विल्डरनेस’ या चित्रपटाने लेमिंगांची सामूहिक आत्महत्या चक्क बनवून दाखवली, तीही जिथे लेमिंग राहतच नाहीत अशा भागात, बाहेरून आणलेल्या प्राण्यांवर. त्याला ऑस्करही मिळाले.

शास्त्रीय मोजणीची वाट चार्ल्स एल्टनमुळे रुळली. स्पिट्सबर्गेनच्या मोहिमेवर असताना १९२३ साली ट्रॉम्सो शहरात त्याने रॉबर्ट कोलेटचे नॉर्वेतील सस्तन प्राण्यांवरचे पुस्तक विकत घेतले. त्यातल्या लेमिंगवर्षांच्या नोंदींनी तो झपाटला आणि पुढच्याच वर्षी प्राणिसंख्येच्या नियतकालिक चढउतारांवरचा त्याचा गाजलेला निबंध आला.

तेव्हापासून मुख्य साधन राहिले ते उंदराचा चाप. स्कॅंडिनेव्हियात रूढ झालेली पद्धत अशी: पंधरा मीटर बाजूचा चौरस आखायचा, प्रत्येक कोपऱ्यावर तीन चाप लावायचे, आमिषाला बेदाणे आणि ओट. उन्हाळ्याच्या सुरुवातीला एकदा, शरदात एकदा. मेलेले मोजायचे. पद्धत स्वस्त आणि भरवशाची. पण सगळे काही ठरते त्या हिवाळ्याच्या महिन्यांची पाने वहीत कोरीच राहत.

ट्रॉम्सोच्या संशोधकांना ही उणीव डाचत होती. हवामान आणि टुंड्रा यांचा माग ठेवणारी ‘कोट’ ही वेधशाळा तिथलीच. तिचा विज्ञान-आराखडा २०१३ सालचा. बर्फाखाली चालणाऱ्या कॅमेरा-पेटीचे तपशील ईवा सोइनिनेन आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केले. प्राणी पेटीत शिरला की त्याच्या अंगाच्या उष्णतेने कॅमेरा चालू होतो. शिवाय ठरावीक वेळी तो आपणहून एक फोटो घेतो, म्हणजे यंत्र जिवंत आहे हे कळते. भक्ष्याच्याच वाटेने भक्षकही येतो, त्यामुळे अर्मिन आणि छोटे वीझल यांचीही नोंद होते. चापाला हे सहसा जमत नाही. फोटोंच्या राशीतून रिकामे, लेमिंगांचे, व्होल उंदरांचे, वीझलचे असे ढीग आता संगणक लावतो. शंकास्पद फोटो माणूस पाहतो.

यंत्राच्या खोडीही आहेत. वितळलेल्या बर्फाचे पाणी पेटीत शिरून गोठले, तर पुढचे महिने वाया जातात. आणि दहा फोटो म्हणजे दहा लेमिंग की एकाच लेमिंगाच्या दहा फेऱ्या, हे फोटो सांगत नाही. मादी गाभण होती का, हेही नाही.

तरीही ही पेटी आता हवीच, कारण हिवाळा बदलतो आहे. ऐन थंडीत पाऊस पडला, की तळाशी बर्फाचा कडक थर धरतो आणि शेवाळ त्याखाली कोंडले जाते. दक्षिण नॉर्वेतल्या फिन्से इथे १९९४ नंतर लेमिंगांची नेहमीची लाट येईनाशी झाली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने त्याचा संबंध बर्फाच्या बदललेल्या स्थितीशी जोडला. वारांगेरवर आर्क्टिक कोल्हा टिकवायला तांबडे कोल्हे मारले जातात, पैदास केंद्रातले कोल्हेही सोडले गेले आहेत. लेमिंगच उरले नाहीत, तर त्या खटाटोपाला फारसा अर्थ राहत नाही.

पण पेटीला जे सांगता येत नाही ते चाप सांगतो, म्हणून तो अडगळीत टाकण्याची घाई करू नये, असे मला वाटते. एका चक्राला चार वर्षे धरली, तर निदान दोन चक्रे चाप आणि पेटी शेजारी-शेजारी चालली पाहिजेत. त्यासाठी आठ वर्षांचा सलग निधी लागेल, आणि बहुतेक संशोधन प्रकल्प तीन-चार वर्षांसाठीच मंजूर होतात.