मशीन मिळणं आणि मशीन चालणं

धाराशिव जिल्ह्यात एखाद्या बाईला आधार द्यायचा विषय निघाला की सगळ्यांना आधी शिलाई मशीन आठवतं. जिल्हा परिषदेचा महिला व बालकल्याण विभाग मशीन देतो, समाजकल्याण विभाग सेसच्या निधीतून देतो, पुढारी वाढदिवसाला वाटतात. शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर मागं राहिलेल्या बाईच्या दारात दानशूर मंडळी नेऊन देतात तेही बहुधा मशीनच. बचत गटात अंतर्गत कर्ज उचलायची वेळ आली तरी बोलणं शेळी, पिठाची गिरणी आणि शिलाई मशीन यांच्याभोवतीच फिरतं.

ही निवड चुकीची नाही. पाऊस हुलकावणी देणारा हा जिल्हा. 1972 चा दुष्काळ इथल्या म्हाताऱ्यांना अजून तोंडपाठ आहे आणि नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातल्या ज्या चार जिल्ह्यांची नावं आली त्यात हाही होता. अशा ठिकाणी छपराखाली बसून, लेकराकडं लक्ष ठेवून, रानातली कामं उरकल्यावर चार पैसे मिळवून देणाऱ्या वस्तू फार नाहीत. पायाचं मशीन तर वीज गेली तरी चालतं. भारनियमन सोसलेल्या गावात ही मोठी गोष्ट आहे.

मला काळजी वाटते ती खोकं घरी पोचल्यानंतरची. वाटपाच्या कार्यक्रमात मशीनला हार घालतात, नारळ फोडतात, फोटो निघतो. ते मशीन बसवायचं कसं, तेल कुठं सोडायचं, दोऱ्याचा ताण कसा लावायचा हे मात्र त्या मांडवात कुणी सांगत नाही. मग चार दिवसांत "दोरा तुटायलाय" सुरू होतं, पंधरा दिवसांत "चालना झालंय", आणि त्यानंतर त्यावर जुनी साडी टाकून घड्या घातलेल्या कपड्यांचा ढीग चढतो. मशीनमध्ये दोष नसतो, बाईतही नसतो. दोघांची ओळखच कुणी करून दिलेली नसते. ती ओळख करून द्यावी म्हणून हा लेख.

आधी जागा. पायाचं मशीन बसवताना लोखंडी स्टँडचे चारही पाय जमिनीला सारखे टेकले पाहिजेत. शहाबादी फरशीवर किंवा सारवलेल्या जमिनीवर एक पाय हमखास अधांतरी राहतो. त्याखाली लाकडाची चकती घाला, पण मशीन डुलू देऊ नका. डुलणाऱ्या मशीनवर टाका सरळ येत नाही आणि पट्टाही वारंवार उतरतो. उजेड सुईवर पडला पाहिजे, पाठीवर नाही. पट्टा फार ताणला की पायडल जड होतं, सैल ठेवला की चाक नुसतं घसरतं. नवा चामडी पट्टा काही दिवसांनी लांबतो, तेव्हा थोडा कापून तारेच्या आकड्यानं पुन्हा जोडायचा. हे घरी सहज होतं.

शिकणारीनं पहिल्या दिवशी दोरा ओवूच नये. कापड नसताना सुईजवळचा दाबपाय वर उचलून ठेवावा, नाहीतर कापड सरकवणारे खालचे दाते त्यावर घासून बोथट होतात. मग नुसतं पायडल चालवावं. सगळी मेख इथं आहे. चाक नेहमी आपल्याकडं फिरलं पाहिजे. नवख्या पायाला टाच आणि चवडा यांचा ताल सापडत नाही, चाक उलटं जातं आणि दोरा आत गुंतून तुटतो. हातानं चाकाला आपल्याकडं हलका झोका द्यायचा आणि पायानं तो पुढं चालू ठेवायचा. हे जमलं की रेघांच्या वहीचा कागद घालून, बिनदोऱ्याच्या सुईनं रेघेवर भोकं पाडत जायचं. शिवणक्लासमध्ये हा धडा पिढ्यान् पिढ्या देतात. त्याहून चांगला धडा मला तरी माहीत नाही.

आता सुई. घरगुती मशीनच्या सुईला वरच्या बाजूला एक चपटा भाग असतो आणि त्याच्या समोरच्या अंगाला लांब खोबण. दोरा ज्या बाजूनं ओवायचा तिकडं खोबण आली पाहिजे, चपटी बाजू त्याच्या विरुद्ध. सुई वरपर्यंत टेकवून मगच स्क्रू आवळायचा. सुई केसभर खाली राहिली तरी आत फिरणाऱ्या शटलचं टोक दोऱ्याला गाठत नाही आणि टाके सुटतात. ब्लाऊजच्या सुती कापडाला 14 नंबर, शाळेच्या गणवेशाच्या टेरीकॉटला 16, जीनची पॅन्ट आखूड करायची असेल तर 18, तलम रेशमाला 11. एकच सुई बोथट होईपर्यंत सगळ्या कापडांना वापरायची हीच इथली रीत आहे, आणि निम्मी तक्रार तिथूनच येते.

खरी परीक्षा ताणाची. शिलाई मशीनचा टाका हाताच्या धावदोऱ्यासारखा नसतो. त्यात दोन दोरे असतात. वरचा सुईतून येतो, खालचा बॉबीन या लहान रिळातून. सुई खाली जाऊन थोडी वर सरकते तेव्हा तिच्या मागं दोऱ्याचा लहानसा फुगा तयार होतो. शटलचं टोक तो फुगा पकडतं, बॉबीनच्या डबीभोवती फिरवून आणतं आणि दोन्ही दोरे एकमेकांत अडकतात. ती अडकण कापडाच्या दोन पदरांच्या मधोमध बसली पाहिजे. वरच्या चाकाच्या एका फेऱ्याला असा एक टाका पडतो. इंचाला दहा टाके धरले तर मीटरभर शिवणीत सुमारे चारशे वेळा हे घडतं.

आता बॉबीनची डबी हातात घ्या. तिच्या अंगावर एक पातळ पट्टी आणि एक बारीक स्क्रू दिसेल. बॉबीन आत घालून दोरा त्या पट्टीखालून बाहेर काढा आणि दोऱ्याला धरून डबी हवेत लोंबकळू द्या. ती आपल्या वजनानं सरसर खाली आली तर ताण सैल आहे. हललीच नाही तर फार घट्ट. मनगटाला हलका झटका दिल्यावर ती थोडीशी उतरून थांबली की खालचा ताण जमला. स्क्रू एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नका. तो इतका लहान असतो की जमिनीवर पडला तर सापडत नाही.

खालचा ताण एकदा लागला की रोजची दुरुस्ती वरच्या दोऱ्याचा ताण धरणाऱ्या चकत्यांवरच करायची. कापडाच्या खालच्या अंगाला दोऱ्याचे फास लोंबत असतील तर सगळ्या जणी डबीला दोष देतात. कारण वर असतं. वरचा ताण सैल आहे किंवा दोरा चकत्यांमध्ये बसलेलाच नाही. दाबपाय खाली असताना चकत्या मिटलेल्या असतात, म्हणून ओवताना दाबपाय वर हवा. रिळावरून वरच्या कडीत, तिथून ताणाच्या चकत्यांत, मग तारेच्या स्प्रिंगमध्ये, मग वर-खाली होणाऱ्या दांड्याच्या भोकात आणि शेवटी सुईत, ही वाट एकाही थांब्यानं चुकता कामा नये. शिवायला सुरुवात करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं मागं धरायची. सुरुवातीला होणारा गुंता एवढ्यानंच टळतो.

तेलाचं सांगायलाच हवं. मशीनचं तेल वेगळं मिळतं, तेच वापरावं. खोबरेल किंवा करडीचं तेल घातलं की आठवडाभर मशीन पळतं आणि नंतर ते तेल चिकट होऊन सगळे सांधे धरतं. प्रत्येक भोकात एकेक थेंब, मग थोडा वेळ रिकामं चालवायचं, फडक्यानं पुसायचं आणि चिंधीवर दोन शिवणी मारायच्या. दात्यांवरची पट्टी काढली की आत कापसाचा भुगा दाबून बसलेला दिसतो. जुन्या ब्रशनं तो काढून टाकायचा. आमच्या काळ्या मातीच्या भागात धूळ बाराही महिने असते, त्यामुळं हे काम आठवड्याला करावं.

या भागाला कापडाची ओळख मशीनच्या कितीतरी आधीची आहे. धाराशिव तालुक्यातलं तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात तगरहून साधं कापड आणि मलमल गाड्यांतून भडोच बंदराकडं जात असल्याची नोंद आहे. पण कापड विणणं वेगळं आणि शिवणं वेगळं. लुगडं, धोतर, पटका यांना सुई लागतच नव्हती. शिंप्याकडं जायचं ते चोळी, बंडी आणि बाळाच्या अंगड्या-टोपड्यापुरतं. वाकळ तर बायका घरीच धावदोऱ्यानं शिवत, अजूनही शिवतात. घरगुती मशीनच्या दाबपायाखाली वाकळीचे तेवढे थर जात नाहीत आणि जबरदस्तीनं घातले तर सुई मोडते. शाळा वाढल्या, मुलींना परकर-पोलक्याऐवजी गणवेश आला, पोरांना पॅन्टी आल्या, चोळीचा ब्लाऊज झाला, तेव्हा मशीनचं काम गल्लीगल्लीत आलं.

यंत्राचा स्वतःचा इतिहास संघर्षाचा आहे. फ्रान्सच्या बार्तेलेमी तिमोनिए यानं 1830 साली पेटंट घेतलं आणि सैन्याचे गणवेश शिवायला यंत्रं लावली. पोटावर पाय येईल या भीतीनं पॅरिसच्या शिंप्यांनी ती फोडून टाकली. टोकाला भोक असलेली सुई आणि शटल यांचा मेळ घालणारं एलियास होव्हचं पेटंट 1846 चं, आयझॅक सिंगरचं 1851 चं. सिंगर कंपनीनं पुढं हप्त्यानं मशीन विकायला सुरुवात केली आणि सामान्य घराला एवढी महाग वस्तू परवडू लागली. आपल्याकडं कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सनं 1930 च्या दशकात देशी 'उषा' मशीन बाजारात आणलं. आज सुट्या भागांचं मोठं केंद्र लुधियाना आहे. यंत्रांबद्दल कठोर मत असलेल्या गांधीजींनीही 1924 साली एका संवादात सिंगरच्या मशीनला अपवाद मानलं होतं. माणसाला हटवून त्याची जागा घेणारं यंत्र त्यांना नको होतं, माणसाचे कष्ट हलके करणारं चालत होतं. पुण्यात 1909 साली रमाबाई रानड्यांच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या सेवासदनातही बायकांना शिवण शिकवत. मशीन बाईच्या स्वावलंबनाचं साधन मानायची आपली परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे.

कमाईचं बोलू. खेड्यातल्या मशीनचं मुख्य काम ब्लाऊज, पिकोफॉल आणि जुन्या कपड्यांची दुरुस्ती. तुळजापूर जवळ, त्यामुळं खणा-नारळाच्या ओट्यांची या भागात वाण नाही. प्रत्येक घरच्या ट्रंकेत ओटीत आलेले ब्लाऊजपीस पडून असतात. नव्या शिकणारीला हात बसवायला याहून चांगलं कापड नाही, फुकट मिळतं आणि बिघडलं तरी कुणी रागवत नाही. पण साध्या मशीनवर पिको होत नाही, त्याला सुई डावी-उजवीकडं नेणारं झिगझॅग मशीन लागतं. हे वाटपाआधी विचारलंच जात नाही. लग्नसराईत पिकोफॉलला मागणी असते आणि बाईच्या घरात उभं असतं सरळ टाक्याचं मशीन.

गणवेशाचं मोठं काम मिळायची एक संधी 2024-25 साली आली. राज्यानं एकसमान गणवेश ठरवला आणि शिलाई बचत गटांकडं देण्याचं ठरलं. त्यातल्या स्काऊट-गाईडच्या गणवेशाची शिलाई शाळा समित्यांनी स्थानिक पातळीवर करून घ्यावी, शिलाईला शंभर आणि वरखर्चाला दहा रुपये, असा दर होता. तेवढ्यात काम परवडत नाही असं शिवणारे सांगत राहिले, कपडे मुलांपर्यंत उशिरा पोचले, आणि पुढच्या वर्षापासून गणवेशाची सगळी जबाबदारी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडं गेली. माझ्या मते कल्पना चांगली होती, दर चुकला. मशीन फुकट द्यायचं आणि मजुरी तुटपुंजी ठेवायची, यानं घर चालत नाही. इथून जवळच्या सोलापुरात गणवेशाचा एवढा मोठा उद्योग उभा आहे, त्यातलं थोडं काम तुळजापूर-उमरग्याच्या घराघरांत यायला अडचण नसावी. त्यासाठी टाका सारखा आला पाहिजे, आणि टाका सारखा यायला मशीन नीट लावलेलं पाहिजे.

सरकारी योजनांना प्रशिक्षणाचं महत्त्व कळलेलं नाही असं नाही. 17 सप्टेंबर 2023 ला, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनीच, सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांत शिंपीकाम आहे. त्यात साधनांसाठी 15,000 रुपये, प्रशिक्षणाच्या काळात रोज 500 रुपये आणि पुढं पाच टक्के व्याजानं कर्ज मिळतं. उषा कंपनीच्या 2011 पासूनच्या सिलाई स्कूल उपक्रमात गावातल्या बाईला शिवणासोबत मशीनची देखभाल-दुरुस्तीही शिकवतात आणि मग ती इतरांना शिकवते. मला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. कारण शटलची जुळणी बिघडली तर मेकॅनिक तालुक्याला असतो आणि बिडाचं दहा किलोच्या वरचं डोकं एसटीत घालून न्यायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते.

1993 च्या भूकंपानंतर लोहारा-उमरग्याच्या गावांत बायकांनी घरबांधणीतलं तंत्र समजून घेतलं, बांधकामावर देखरेख केली. ज्या जिल्ह्यातल्या बायकांनी भिंतीची मजबुती तपासली त्यांना शटल उघडून बसवणं अवघड नाही. दर चार-पाच गटांमागं एक बाई मेकॅनिक झाली पाहिजे.

मशीन देणाऱ्यांना एवढंच सांगणं. हाराचा खर्च कमी करा आणि प्रत्येक मशीनसोबत तेलाची कुपी, दोन स्क्रू ड्रायव्हर, तीन वेगवेगळ्या नंबरांच्या सुया आणि दोन दिवसांचं बसवण्याचं शिक्षण द्या. सहा महिन्यांनी पुन्हा त्या घरी जा आणि वाटलेल्यातली किती चालू आहेत ते मोजा. आणि जिच्या घरी मशीन साडीखाली झाकून पडलंय तिनं मेकॅनिकला बोलवायच्या आधी दात्यांवरची पट्टी काढून भुगा साफ करावा, तेल सोडावं आणि नवी 14 नंबरची सुई लावून बघावी. तालुक्याच्या बाजारात ती काही रुपयांत मिळते.