बर्नआउट, दोन खोल्या आणि बंद पडलेली लोकल

(एपिसोड ऐकायला वेळ नसलेल्यांसाठी लिहून काढलंय. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'बेसिकली' बरेच कापलेत, सगळे नाहीत.)

आज विषय बर्नआउटचा, तोही २०२०-२१ मधला. "आता कशाला उकरून काढतोस?" असं आई म्हणालीच. पण त्या दिवसांबद्दल बोलताना माझे दोन-तीन मित्र अजून एकच वाक्य म्हणतात, "यार, मीच कमी पडलो." मला ते पटत नाही, म्हणून हा एपिसोड.

आम्ही खोताच्या वाडीत राहतो. दोन खोल्या, आई-बाबा, आजी आणि मी. माझी पहिली नोकरी, जेमतेम आठ महिने झालेले. २२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू लागला, मग लोकल बंद झाली, ती सगळ्यांसाठी सुरू झाली थेट १ फेब्रुवारी २०२१ ला, तीही ठरावीक वेळांत. तोवर माझं ऑफिस म्हणजे शिवणयंत्राचं टेबल. कॉल चालू, मागे कुकरच्या शिट्ट्या.

आता व्याख्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्पष्ट केलं की बर्नआउट हा आजार नाही. कामाच्या ठिकाणचा ताण खूप काळ नीट हाताळला गेला नाही की तो होतो. खुणा तीन : शक्ती संपणं, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून धड काही होत नाही असं वाटणं. मला दुसरी आधी दिसली. एखादा बग आला की मी तो लावणाऱ्या माणसावरच मनात चिडायचो. थकवा कळायला त्यानंतर दोन महिने गेले.

व्याख्येतला 'कामाच्या ठिकाणचा' हा शब्द बघा. दोष माणसाच्या मनात आहे असं ती म्हणतच नाही.

मग घरी बसून एवढं का दमलो? सबीने सोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ या संशोधकांनी २००७ मध्ये काम संपल्यावर माणूस कशाने सावरतो ते मांडलं : कामापासून मन सुटणं, आराम, काहीतरी नवं जमवणं, आणि मोकळा वेळ आपल्या मर्जीने घालवता येणं. अंधेरीहून चर्नी रोडपर्यंतच्या गर्दीला मी रोज शिव्या द्यायचो, पण मन सुटायचं ते तिथेच. (लोकल म्हणजे स्पा, असं मी म्हणत नाहीये हं.) लोकल गेली आणि मधला दरवाजाच गेला. परळच्या केईएममधल्या नर्सेसचं ओझं तर याहून फारच वेगळं. त्यांच्याशी तुलना नको.

शेजारच्या आंटीने हे कुठलाही पेपर न वाचता ओळखलं. "सहा वाजले की लॅपटॉप ठेव नि ओट्यावर येऊन बस, मास्क लावून." रोज एक तास. ती समोरच्या टोकाला, मी या टोकाला. तिने मला कुंडीत मिरची लावायला शिकवलं. झोप परत आली.

काम मात्र कमी झालं नाही. ते कमी झालं टीममधल्या चौघांनी मिळून रात्रीचा ऑन-कॉल आळीपाळीने मागितला तेव्हा. एकट्याने मागितला होता, तेव्हा मॅनेजरने मला मेडिटेशन ॲपची लिंक पाठवली होती.

जॉर्ज बोनॅनो या मानसशास्त्रज्ञाने २००४ मध्ये दाखवलं की मोठ्या आघातानंतरही तग धरून राहणं दुर्मिळ नाही, बऱ्याच माणसांना ते जमतं. छान गोष्ट आहे. पण तिचं 'मुंबई स्पिरिट' केलं की चिडचिड होते. २०२० मध्ये लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्ती न बसवता रक्तदान आणि प्लाझ्मादान शिबिर घेतलं. तो चिवटपणा कुणा एकाच्या छातीतला नव्हता. याद्या करणारी, फोन लावणारी माणसं होती.

एक फरक लक्षात ठेवा. सुट्टीतही काहीच आवडत नसेल, दोन आठवडे सतत उदास वाटत असेल, तर ते नुसतं बर्नआउट नसू शकतं. डॉक्टरांना भेटा. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतही बोलता येतं.

आंटीची मिरची अजून आहे. माझी दोनदा मेली. पुढच्या एपिसोडमध्ये ऑन-कॉलचं वेळापत्रक नेमकं कसं मागितलं ते सांगतो, त्या ईमेलच्या मसुद्यासकट.