पंधरावा दगड

माझे अर्धे आयुष्य छापखान्यात गेले. पोटासाठी छपाई आणि जिवासाठी कविता. काही वर्षांपूर्वी मालकांबरोबर चार दिवस ओसाकाला जाण्याचा योग आला. जुने चाररंगी ऑफसेट यंत्र पसंत करायचे होते. त्यासाठी मालकांनी घर गहाण टाकले होते, म्हणून माझ्या होकाराला वजन होते आणि माझ्या छातीवर दडपण. पहिल्या दिवशी चाचणीचे ताव पाहिले. छपाई झकास. दुसऱ्या दिवशी दुपार मोकळी मिळाली. क्योतो तिथून रेल्वेने अर्ध्या तासावर. मालक झोपले, मी निघालो.

माझ्या मनातली बाग म्हणजे लहानपणी अब्बांनी दाखवलेली बीबी का मकबऱ्याची. दरवाजात उभे राहिले की सरळ पाण्याचा पाट, दोन्हीकडे सारखी झाडे, समोर घुमट. चारबाग पहिल्याच नजरेत स्वतःला दाखवून टाकते. जपानी बाग लपवते.

आधी किनकाकु-जीला गेलो. तळ्याकाठचे सोनेरी मंदिर १९५० मध्ये जळाले आणि १९५५ मध्ये पुन्हा उभे राहिले. लोक त्याचा फोटो काढतात आणि पुढे सरकतात. मीही काढला. पण खरी गंमत वाटेत आहे. ती वळते, झाडाआड जाते, मघाचेच तळे वेगळे करून दाखवते. मागची किनुगासा टेकडी बागेच्या हद्दीबाहेरची, तरी झाडांच्या रांगेवरून ती बागेचीच वाटते. याला ‘शाक्केइ’ म्हणतात, म्हणजे उसने घेतलेले दृश्य. या उसनवारीला व्याज नाही!

चहाघराच्या बागेत पायाखाली सुटे दगड मांडतात. ते लहान, ओबडधोबड असतील तर खाली बघूनच चालावे लागते. मग एखादा मोठा, सपाट दगड येतो. तिथे पाय थांबतो आणि मान आपोआप वर होते. माळ्याला जे दाखवायचे, ते नेमके तिथे असते.

तिथून वीसेक मिनिटे चालत रियोआन-जी. बूट काढून लाकडी ओसरीवर बसायचे. समोर सुमारे पंचवीस मीटर लांब, दहा मीटर रुंद अंगण. पांढरी खडी, तिच्यावर दाताळ्याने ओढलेल्या रेघा, दगडांभोवती थोडे शेवाळ. पाण्याचा थेंब नाही. या शैलीला ‘कारेसान्सुई’ म्हणतात, म्हणजे कोरडे डोंगर-पाणी. दगड पंधरा, पण ओसरीवर कुठेही बसा, एकाच वेळी चौदांपेक्षा जास्त दिसत नाहीत. मी तीन जागा बदलल्या. शेजारी शाळेची पोरे बोटे नाचवत मोजत होती. त्यांचेही चौदाच. एक दगड दिसावा म्हणून सरकावे, तर दुसरा आड जातो. ही रचना कोणाची, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

मागच्या बाजूला हात धुण्याचे दगडी कुंड आहे. त्यावर चार अक्षरे कोरली आहेत. प्रत्येक अक्षर अपुरे, आणि मधली चौकोनी पोकळी चौघांच्या वाटणीची. ती धरली की चारही पुरी होतात. ‘जे आहे ते पुरेसे, एवढे मी जाणतो’ असा अर्थ. तरुणपणी मी खिळे जुळवले आहेत. एका चौकोनात चार अक्षरांचे काम भागवणाऱ्या त्या पाथरवटाला मी मनोमन सलाम केला. मग पुन्हा ओसरीवर येऊन बसलो, पहारेकरी बंद करायला येईपर्यंत.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी यंत्राला वळसा घातला आणि मागचे झाकण उघडायला सांगितले. विकणाऱ्याने थोडे आढेवेढे घेतले. आत कागद पकडणारे ग्रिपर झिजलेले होते. आणखी महिनाभराने छपाई हलू लागली असती. सौदा मोडला नाही. ग्रिपर बदलून मिळाले, किंमतही उतरली.

जपानला जाणे प्रत्येकाला कुठले जमायचे? पण पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे यांच्या नावाची बाग आहे. ती ओकायामाच्या कोराकुएनच्या धर्तीवर केलेली आहे. मूळची बाग १७०० साली पूर्ण झाली आणि तिनेही जवळचा किल्ला उसना घेतला आहे. पुण्यातल्या हिरवळीवरून चालू देत नाहीत, कोणी पाय ठेवला की रखवालदार शिटी मारतो. पूर्वी मला त्याचा राग यायचा. आता मी मुकाट्याने वाटेवरूनच जातो, जिकडे ती वळेल तिकडे.