शिकून आलेल्या सिस्टरचं पुढे काय झालं

कर्करोग शोधायचा कसा, हे सोलापूर जिल्ह्याला फार लवकर कळलं. १९८७ साली बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावं तिच्या कक्षेत होती. शहरात नोंदणी म्हणजे मुख्यतः रुग्णालयांच्या दफ्तरांतून नावं उतरवणं. इथे आजारी माणूस रुग्णालयापर्यंत पोचतच नव्हता, तर दफ्तरात काय सापडणार? म्हणून डॉ. बी. एम. नेने, डॉ. कस्तुरी जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसंच गावोगाव धाडली. हे लोक गावातल्या जाणत्यांना भेटायचे, अंगावरून जाणं, स्तनातली गाठ, तोंडातली न भरणारी जखम यांबद्दल बोलायचे, संशय आला की बार्शीला यायला सांगायचे. रोग मोजायला निघालेले हे कार्यकर्ते नकळत लोकशिक्षणही करत होते. पुढच्या काही वर्षांत या भागातल्या बायका गर्भाशयमुखाचा कर्करोग घेऊन पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात येऊ लागल्या, असं नोंदींतूनच दिसलं.

त्याच बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक रुग्णालयाने टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेबरोबर शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात मोठी चाचणी केली. ५२ गावसमूह, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया. एचपीव्ही या विषाणूची तपासणी आयुष्यात एकदा झाली तरी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हा निष्कर्ष २००९ साली जगापुढे गेला. ज्या गटाला तपासणी मिळाली नाही त्याच्यावरून पुढे वादही झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पण एक गोष्ट त्या चाचणीने कायमची दाखवून दिली: नीट शिकवलं तर एरवी डॉक्टरांचं समजलं जाणारं बरंचसं काम गावपातळीवरच्या सेविका चोख करतात.

रोग शोधला. उपचाराच्या पलीकडे गेलेल्या बाईचं काय करायचं, हा धडा मात्र कुणाच्याच अभ्यासक्रमात नव्हता. ‘आता घरी न्या, सेवा करा’ एवढं सांगून केसपेपर हातात दिला जाई. सेवा करा म्हणजे नेमकं काय करा, हे सांगणारं कुणी नव्हतं. सिस्टरलाही ते कुणी शिकवलं नव्हतं.

अशा सेवेची, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरची, देशातली सुरुवात तशी आपल्याच राज्यात झाली होती. डॉ. लुईस डिसूझा यांनी १९८६ साली वांद्र्याला शांती अवेदना हे पहिलं हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या काळातल्या रुग्णांचं शुश्रूषागृह, उभारलं. त्यामागची प्रेरणा लंडनची, सिसिली साँडर्स यांची. त्या मूळच्या परिचारिका. पाठीच्या दुखण्याने ते काम सुटलं, मग त्या रुग्णालयात समाजसेविका झाल्या. मरणाऱ्या माणसाच्या वेदनेवर त्यांना काम करायचं होतं, तेव्हा सल्ला मिळाला की आधी डॉक्टर व्हा, नाहीतर कुणी ऐकणार नाही. त्या १९५७ साली डॉक्टर झाल्या आणि १९६७ साली त्यांचं सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू झालं. या शाखेच्या उगमापाशीच ही गोष्ट आहे: सिस्टरला दिसत होतं, पण तिचं ऐकलं जावं म्हणून तिला डॉक्टर व्हावं लागलं. पुढच्या साठ वर्षांच्या प्रशिक्षणाकडे मी याच नजरेने पाहतो.

आपल्याकडे आणखी एक अडसर होता, मॉर्फीनचा. अफू पिकवणारा हा देश, पण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने मॉर्फीनभोवती परवान्यांचं असं कुंपण घातलं की औषधाची दुकानं आणि रुग्णालयं ते ठेवायलाच घाबरू लागली. १९९७ पर्यंत देशाचा वर्षाचा वापर १८ किलोवर आला. जे औषध पाहिलंच नाही ते द्यायचं कसं, हे शिकणार कोण? परिचारिकांच्या आणि डॉक्टरांच्या निदान एका पिढीने गोळीच्या रूपातलं मॉर्फीन हाताळलंच नाही. इंजेक्शन तेवढं माहीत, तेही ऑपरेशननंतरचं. २०१४ साली संसदेने कायदा दुरुस्त केला, पुढल्या वर्षी नियम आले आणि मान्यताप्राप्त संस्थेला एकाच परवान्यावर हे औषध ठेवता येऊ लागलं.

मधल्या काळात शिक्षणाची सूत्रं केरळने हातात घेतली. १९९३ साली कालिकतला डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांच्या गटाने काम सुरू केलं आणि तिथून परिचारिकांसाठी आठवड्यांचे, महिन्यांचे अभ्यासक्रम निघाले. पुण्यात वारजे इथे सिप्लाचं उपचार आणि प्रशिक्षण केंद्र १९९७ साली उभं राहिलं. सोलापूरकडच्या माणसाला जवळचं म्हणावं असं तेच. २००७ साली भारतीय पॅलिएटिव्ह केअर संघटनेने आठ आठवड्यांचा घरबसल्या करायचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम काढला. ड्युटी सांभाळून जिल्ह्यातली सिस्टर करू शकेल असं हे पहिलंच दार होतं. डॉक्टरांसाठी २०१२ साली टाटा मेमोरियलमध्ये एम.डी. सुरू झालं. सिस्टरच्या वाट्याला मात्र मुख्यतः प्रमाणपत्रंच आली. पगारात वाढ नाही, पदात बदल नाही, भिंतीवर लावायला एक कागद.

तरीही त्या आठवड्यांत शिकवतात काय, हे सांगण्यासारखं आहे, कारण ‘प्रेमाने बोलायला शिकवतात’ असा समज डॉक्टरांमध्येही आढळतो. प्रेम ज्याचं त्याने घरून आणायचं. इथे शिकवतात ते कौशल्य. वेदना मोजायची, आणि रक्तदाबासारखी दर पाळीत लिहायची. शून्य ते दहा आकडा अक्कलकोटकडच्या आजीला सांगता येत नसेल, तर ‘रुपयातले किती आणे दुखतंय’ असं विचारावं, ती लगेच ‘बारा आणे’ म्हणेल. मॉर्फीन सुरू केलं की त्याच दिवशी जुलाबाची गोळीही सुरू करायची, नाहीतर दुखणं थांबतं आणि शौच अडतं. डोस घड्याळाप्रमाणे द्यायचा, दुखेपर्यंत थांबायचं नाही. गिळता येईना तर कातडीखाली बारीक सुई ठेवून औषध देता येतं, त्यासाठी भरती करावं लागत नाही. सडलेल्या जखमेवर मेट्रोनिडॅझोलची गोळी कुटून टाकली की दोन-तीन दिवसांत वास उतरतो. विड्या वळणाऱ्यांच्या आणि मशेरी लावणाऱ्यांच्या सोलापूर शहरात तोंडाच्या कर्करोगाच्या घरी हा वासच माणसाला माणसातून उठवतो. जेवणाचं ताट दाराशी ठेवून जाणारे नातेवाईक निर्दय नसतात, त्यांना वास सहन होत नाही. कुटलेल्या त्या स्वस्त गोळीने ते पुन्हा खाटेशी येऊन बसतात.

बोलणंही शिकवतात, पण तेही कौशल्य म्हणूनच. ‘त्यांना काही सांगू नका, सिस्टर’ हे वाक्य प्रत्येक वॉर्डात ऐकू येतं. त्यावर मुलाशी भांडायचं नाही आणि आईशी खोटंही बोलायचं नाही, त्यांना किती जाणून घ्यायचंय ते आधी विचारायचं. हे सरावाने येतं. एकीने रुग्ण व्हायचं, दुसरीने सिस्टर. पहिल्या दिवशी सगळ्या हसतात.

२०१२ साली केंद्राचा पॅलिएटिव्ह केअर कार्यक्रम आला आणि महाराष्ट्रानेही आपलं धोरण मांडलं. प्रशिक्षणं वाढली. आणि इथून एक ओळखीची कथा सुरू झाली. सरकारी रुग्णालयातली सिस्टर शिकून येते. परत आल्यावर तिची पाळी अपघात विभागात, नाहीतर प्रसूतीत लागते. तीन वर्षांनी बदली होते. तिच्या जागी आलेलीला मॉर्फीनच्या रजिस्टरची भीती, म्हणून कपाट बंद. अहवालात मात्र ‘प्रशिक्षित परिचारिका’ या रकान्यात ती कायम मोजली जाते. मला प्रशिक्षणाच्या कुठल्याही आकड्याबद्दल फार उत्साह वाटत नाही तो यामुळे. किती शिकल्या यापेक्षा त्यांतल्या किती त्याच कामावर राहिल्या, हे कुणीतरी विचारावं. शिवाय शिकलेल्या सिस्टरलाही आपल्याकडे मॉर्फीन लिहून देता येत नाही. रात्री खेड्यात डोस वाढवायचा तर डॉक्टरांचा फोन लागायला हवा.

२०१८ नंतर चित्र थोडं हललं. आरोग्यवर्धिनी केंद्रांच्या बारा सेवांत वृद्धांची आणि पॅलिएटिव्ह सेवा आली. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी बसू लागले, आपल्याकडे त्यात नर्सिंग झालेलेही आहेत आणि बी.ए.एम.एस.ही, त्यासाठी सहा महिन्यांचं प्रशिक्षण. अंथरुणाला खिळलेल्यांची यादी करणं, घरी जाणं हे आता त्यांच्या कामात लिहिलेलं आहे. त्यांच्यासोबत गावातली ‘आशा’ कार्यकर्ती आहे. सोलापूरजवळच्या कुंभारीच्या विडी कामगारांच्या वसाहतीत, जिथे घरात तेलुगू आणि बाहेर मराठी, किंवा अक्कलकोट तालुक्यात, जिथे दुखणं कन्नडमधून सांगितलं जातं, तिथे तिच्याशिवाय कुठल्याही पदविकेचं पान हलणार नाही. तिच्यासाठीचं प्रशिक्षण मात्र सगळ्यांत छोटं. बार्शीच्या नोंदणीने साध्या कार्यकर्त्यांना शिकवायला वेळ दिला होता, तेवढा तिला मिळालेला नाही.

२०२१ च्या नव्या अभ्यासक्रमाने बी.एस्सी. नर्सिंगमध्ये पॅलिएटिव्ह केअरचा भाग अनिवार्य केला. नोकरीत लागल्यावर रजा काढून शिकायचा विषय आता कॉलेजातच येतो. त्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या तुकड्या आता बाहेर पडून कामाला लागत आहेत. त्यांना पाळी कुठल्या वॉर्डात लागते आणि मॉर्फीनच्या कपाटाची किल्ली कुणाकडे राहते, हे पुढच्या दोन-तीन वर्षांत कळेल.